पिशव्यांना खिसे लावताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत घरी पिशव्या शिवणाऱ्यांकडून हे प्रश्न येत राहतात. मापं इंचात आहेत. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त. एखाद्या गोष्टीचं सविस्तर उत्तर दुसरीकडे असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. अजून एकही खिसा शिवलेला नाही. सुरुवात कोणत्या खिशाने करू?

बंदांखाली कडा दडणाऱ्या खिशाने. बाजाराच्या पिशवीचे बंद तोंडापासून तळापर्यंत शिवलेले असतात. दीड इंची दोन बंदांच्या मध्ये सहा इंच जागा असेल, तर खिशाचं कापड साडेसात इंच रुंद घ्या. फक्त तोंडाची कड दुमडून शिवा. दोन्ही बाजू न दुमडता पाऊण-पाऊण इंच बंदाखाली सरकवा आणि तळाच्या रेषेवर एक आडवी टीप मारा. बंदाच्या दोन्ही कडांना टीप पडली की खिसाही पक्का होतो. यात कोपरेच नाहीत, त्यामुळे बिघडायला जागा कमी. हे जमलं की चौकोनी खिशाकडे वळा (प्र. ६).

२. खिसा आधी लावायचा की पिशवी शिवून झाल्यावर?

आधी. पिशवीचं कापड टेबलावर सपाट असताना. बाजू जोडल्या की आतला हात मशीनखाली अडतो आणि मागचं कापड टिपेत सापडतं. तयार पिशवीला खिसा लावायचा असेल तर प्र. २१ पाहा.

३. मोबाईल खिशात जातो, पण काढताना ओढाताण होते. माप कसं काढायचं?

खिसा सपाट शिवला जातो, वस्तूला मात्र जाडी असते. वस्तूची रुंदी, अधिक तिची जाडी, अधिक किमान अर्धा इंच ही तयार खिशाची रुंदी. कव्हरसकट मोबाईल तीन इंच रुंद आणि जवळपास अर्धा इंच जाड धरला तर खिसा चार इंच होतो. आतल्या खिशाची उंची मोबाईलपेक्षा इंचभर कमी ठेवा म्हणजे वरचं टोक चिमटीत येतं. बाहेरच्या खिशाची उंची मात्र अर्धा इंच जास्त हवी, नाहीतर एसटीच्या गर्दीत मोबाईल बाहेर डोकावत राहतो.

एटीएम कार्ड साधारण साडेआठ बाय साडेपाच सेंटिमीटरचं असतं. आडवं ठेवायचं असेल तर चार इंच रुंद, पावणेदोन इंच खोल खिसा पुरे.

४. कापड आधी धुवायलाच हवं का?

हो. सुती कॅनव्हास आणि मांजरपाट पहिल्या धुण्यात आटतात, आणि खिशाचं कापड व पिशवीचं कापड सारखं आटेलच असं नाही. खिसा जास्त आटला तर भोवतीची पिशवी चुरगळल्यासारखी दिसते, पिशवी जास्त आटली तर खिसा फुगतो. दोन्ही कापडं कोमट पाण्यात तासभर भिजवा, खळ जाईपर्यंत धुवा आणि किंचित ओलसर असतानाच इस्त्री करा. कोकणात खळ काढणं आणखी एका कारणासाठी गरजेचं आहे (प्र. १९).

५. सुई कोणती, दोरा कोणता, टीप केवढी?

पातळ अस्तराला १४ नंबर, कॅनव्हासला १६, जीन्सचे पदर एकावर एक येतात तिथे १८. दोरा पॉलिस्टरचा, सुती दोरा सतत ओलसर राहिला की कुजतो, आणि पिशवी फाटण्याआधी खिसा सुटतो. वरून दिसणारी टीप इंचाला आठ-नऊ टाक्यांची ठेवा. त्याहून बारीक टीप जाड कापडावर भोकांची रांग पाडते आणि नेमकं तिथेच कापड फाटतं. जुन्या मशीनच्या आकड्यांवर विसंबू नका. चिंधीवर इंचभर शिवून टाके मोजा. खालच्या बाजूला दोऱ्याचे फास दिसत असतील तर वरचा ताण सैल आहे.

६. चौकोनी खिशाचे कोपरे एकसारखे येत नाहीत. नेमकी पद्धत काय?

खिसा इस्त्रीखाली तयार होतो, मशीन त्याला फक्त जागेवर बसवतं. म्हणून मशीनला हात लावण्याआधी तयार मापाचा एक पुठ्ठा कापून घ्या. लग्नपत्रिकेचा जाड कागद उत्तम. इस्त्रीने वाकत नाही आणि वीस-पंचवीस खिशांना पुरतो.

सहा बाय सात इंचाच्या तयार खिशासाठी कापड सात बाय नऊ इंच कापा. दोन्ही बाजूंना आणि खाली अर्धा इंच माया (शिवणीत दुमडायचं जास्तीचं कापड), तोंडाला दीड इंच.

तोंडापासून सुरुवात करा. अर्धा इंच उलट बाजूला दुमडून इस्त्री फिरवा. मग उरलेला एक इंच सुलट बाजूवर दुमडा. हो, सुलट बाजूवरच. या पट्टीच्या दोन्ही टोकांना अर्ध्या इंचावर उभी टीप मारा, वरचा कोपरा तिरका छाटा आणि पट्टी उलटवून आत घ्या. टोकं काटकोनात येतात आणि बाजूची माया तोंडातून डोकावत नाही. बहुतेक खिसे बेंगरूळ दिसतात ते ही पायरी गाळल्यामुळे. आता पट्टीच्या खालच्या कडेला, वरून पाहिलं तर एक इंचाला एक सूत कमी अशा अंतरावर, आडवी टीप मारा.

मग खालचे कोपरे. पुठ्ठा उलट बाजूवर ठेवा. आधी कोपराच तिरका दुमडा, घडी पुठ्ठ्याच्या टोकाला टेकली पाहिजे. दाबून इस्त्री करा, घडीपासून पाव इंच सोडून बाकीचा त्रिकोण कापून टाका. त्यानंतर बाजू आणि खालची कड पुठ्ठ्यावर दुमडा. दोन घड्या कोपऱ्यात तिरक्या रेषेवर भेटतात. बाजू आधी आणि कोपरा नंतर दुमडला तर तिथे चार पदरांचा गोळा होतो, सुई अडते आणि कोपरा बोथट दिसतो.

कापड थंड झाल्यावरच पुठ्ठा काढा. गरम असताना काढला तर घडी सुटते.

७. गोल कोपऱ्यांच्या खिशाला टोकं टोकं दिसतात.

मायेत कापड जास्त साचतं म्हणून. गोलाईच्या कडेपासून पाव इंच आत मोठ्या टाक्यांचा धावदोरा घाला, पुठ्ठा ठेवून दोरा ओढा आणि चुण्या सारख्या पसरून इस्त्री करा. मग माया एक-दीड सूत राहील इतकी छाटा. गोलाई काढायला स्टीलची वाटी पुरते, पण दोन्ही कोपऱ्यांना तीच वाटी वापरा.

८. नीट आखून लावलेला खिसा शिवून झाल्यावर तिरका कसा होतो?

मशीनचे दातरे खालचं कापड पुढे ओढतात, वरचा खिसा दाबपट्टीखाली मागे रेंगाळतो. सात इंचांच्या टिपेत हा फरक सुताभराचा होतो, आणि डोळ्याला तेवढा पुरतो. शिवाय जाड कापडात टाचणी घातली की कापडाला बाक येतो.

टाचण्यांऐवजी मायेला आतून कागदाच्या गोंदकांडीची रेघ ओढून खिसा चिकटवा किंवा हाताने कच्चा टाका घाला. दाबपट्टीचा दाब थोडा कमी करा. रुंद खिसा असेल तर एका दमात तिन्ही बाजू शिवू नका. खालच्या कडेच्या मधोमध सुरुवात करून आधी उजवीकडून वर जा, मग पुन्हा मधून डावीकडे. दोन्ही बाजू एकाच दिशेने सरकतात, त्यामुळे तिरकेपणा येत नाही. कोपऱ्यावर वळताना सुई खाली कापडात ठेवूनच दाबपट्टी उचला.

आखायला साबणाची झिजलेली वडी वापरा. बॉलपेनची रेघ आयुष्यभर राहते.

९. खिसा पिशवीवर किती उंचीवर लावायचा? तळ शिवल्यावर तो खाली गेल्यासारखा दिसतो.

तळाला जाणारं कापड हिशेबात धरलं नाही की असं होतं. उदाहरणादाखल तयार पिशवी १४ इंच रुंद, १५ इंच उंच आणि तळ ४ इंचांचा असू द्या. पुढचा भाग १९ बाय १९ इंच कापला जाईल. रुंदीत १४ अधिक तळाचे ४ अधिक मायेचा १. उंचीत १५ अधिक अर्ध्या तळाचे २, खालची माया अर्धा, तोंडाची दुमड दीड.

म्हणजे कापलेल्या खालच्या कडेपासून अडीच इंच तळात जाणार. त्यावर किमान दीड इंच सोडा, म्हणजे खिशाची खालची कड चार इंचांवर येते. सात इंच उंच खिसा तिथे लावला तर त्याच्या तोंडापासून पिशवीच्या तोंडापर्यंत साडेसहा इंच उरतात. आमच्या मते तो आणखी एक इंच वर घ्यावा, कारण भरलेली पिशवी खाली झुकते. आडव्या दिशेने दोन्ही कडांचे अडीच-अडीच इंच बाजूला वळतात. मध्य काढायला टेप लावण्यापेक्षा कापड उभं दुमडून घडीवर नख ओढा. खिशाचीही तशीच घडी करा आणि घडीवर घडी ठेवा.

१०. खिसा नेहमी तोंडाच्या कोपऱ्यातच उसवतो.

हात घातला की सगळा ताण त्या दोन टोकांवर येतो. टोकाला फक्त मागेपुढे टीप मारून भागत नाही. तोंडाच्या टोकाशी अर्ध्या इंचाचा छोटा त्रिकोण शिवा आणि पिशवीच्या उलट बाजूला तिथेच एक इंच चौकोनी कापडाचा तुकडा ठेवून टीप त्यातून जाऊ द्या. टीप पक्की असेल तर पिशवीचं कापड फाटतं, म्हणून हा मागचा तुकडा त्रिकोणापेक्षाही महत्त्वाचा. टिचबटण किंवा मॅग्नेट बटणालाही मागे असाच तुकडा हवा, दोन पदरी असेल तर बरं.

११. खिशाचं तोंड काही दिवसांत लोंबायला लागतं.

कापड उरेब, म्हणजे धाग्याला तिरकं, कापलं गेलं असेल, किंवा तोंड फार रुंद असेल. खिशाचा उभा धागा पिशवीच्या उभ्या धाग्याला समांतर ठेवा. सात इंचांपेक्षा रुंद तोंडाला दुमडीच्या आत सुती नाडी किंवा कॅनव्हासची पट्टी घालून शिवा, नाहीतर मध्ये कप्प्याची टीप द्या (प्र. १२).

१२. अस्तरावर एकाच खिशाचे तीन-चार कप्पे कसे पाडायचे?

दुहेरी कापडाचा खिसा घ्या, म्हणजे आत धागे सुटत नाहीत. १२ इंच रुंद, ६ इंच उंच तयार खिशासाठी १३ बाय १३ इंच कापड सुलट बाजू आत घेऊन दुमडा. घडी वर राहते, तेच खिशाचं तोंड. तिन्ही बाजूंना अर्धा इंच माया धरून शिवा, खाली दोन इंच फट सोडा, कोपरे छाटून फटीतून सुलट करा. फट वेगळी शिवायची गरज नाही, खिसा अस्तरावर लावताना ती टिपेत बंद होते.

कप्प्याच्या टिपा खालून वर मारा. दाबपट्टीपुढे कापडाची जी लाट तयार होते ती उघड्या तोंडातून निघून जाते. वरून खाली शिवलं तर लाट तळाशी अडकून कायमची चुणी पडते.

१३. अस्तरात चेनचा खिसा लावायचा आहे. चेन बसवायला कापलेल्या खिडकीचे कोपरे फाटतात किंवा चुण्या पडतात.

आठ इंची चेन, तीन सूत उंच आणि सात इंच लांब खिडकी, खिशाचं कापड नऊ बाय पंधरा. खिशाच्या उलट बाजूवर वरून एक इंच सोडून खिडकी आखा, आणि तिच्या मधोमध एक आडवी रेघ. रेघ दोन्ही टोकांपाशी अर्धा इंच अलीकडे थांबवून तिथून कोपऱ्यांपर्यंत तिरक्या रेघा काढा. अस्तराच्या वरच्या कडेपासून खिडकी तीन इंच खाली येईल असं कापड ठेवा, सुलट बाजू समोरासमोर. आखलेल्या चौकटीवर बारीक टीप मारा, इंचाला बारा टाके. वरून दिसणारी टीप नाही, म्हणून इथे बारीकच हवी.

आता कात्री. मधल्या रेघेवरून आणि मग तिरक्या रेघांवरून कापत जा आणि टिपेपासून एक धागा अलीकडे थांबा. दोन सूत आधी थांबलात तर कोपऱ्यात चुणी येते, टीप कापलीत तर भोक. या कामाला मोठी कात्री वापरू नका. टोकदार लहान कात्रीने शेवटचे दोन धागे एकेक करून कापा.

खिशाचं कापड खिडकीतून मागे ओढा, शिवण बोटांनी लाटून कडेला आणा, इस्त्री करा. मागे चेन चिकटवा आणि भोवती कडेची टीप मारा. त्याआधी रनर खिडकीच्या आत आहे ना ते पाहा. बाहेर राहिला तर सगळं उसवावं लागतं. चेनच्या टोकाची धातूची पट्टी टिपेच्या रेषेत येऊ देऊ नका, सुई तिथेच मोडते. शेवटी खिशाचं कापड वर दुमडून तीन बाजू शिवा, अस्तर बाजूला सारून.

१४. समुद्राजवळ राहतो. चेन सहा महिन्यांत अडकते.

खाऱ्या हवेत धातूच्या दातांची चेन घेऊ नका. नायलॉनची, मीटरवर मिळणारी चेन घ्या. आतल्या खिशाला ३ नंबर, बाहेरच्याला ५ नंबर. तिचाही रनर धातूचाच असतो, म्हणून अधूनमधून दातांवरून मेणबत्ती घासा. किनाऱ्यावर नेलेली पिशवी गोड्या पाण्याने धुवा. तेल लावू नका, त्यात वाळू चिकटते आणि कापडावर डाग पडतो.

१५. बाटलीचा खिसा बाटली घातली की पिशवी आत ओढतो.

गोल वस्तूला सपाट खिसा पुरत नाही. तीन इंच व्यासाच्या बाटलीचा घेर साडेनऊ इंच. पिशवीवर साडेतीन इंच जागा दिली तरी पुढचं कापड तयार सात इंच हवं. जास्तीचं कापड खालच्या कडेला दोन्ही बाजूंच्या चुण्यांमध्ये बसवा, प्रत्येक चुणीत पावणेदोन इंच. तोंडाच्या दुमडीत पाऊण इंची इलॅस्टिक ओवा.

ओली छत्रीही याच खिशात जाणार हे गृहीत धरा. तळाच्या दोन्ही कोपऱ्यांत पाव इंच टीप सोडा किंवा एक आयलेट ठोका. पाणी साचणारा खिसा जून ते सप्टेंबर सुकतच नाही.

१६. जाड कोपऱ्यावर टाके सुटतात, कधी सुई मोडते.

दाबपट्टी चढावर तिरकी झाली की दातरे कापड ओढत नाहीत. तिच्या मागे तेवढ्याच जाडीची चिंधीची घडी सरकवा, पट्टी सपाट झाली की पुढे शिवा. त्याआधी तो कोपरा बत्त्याने दोन-तीनदा ठोकून घ्या. ते चार-पाच टाके चाक हाताने फिरवून घालायचे, मोटर किंवा पायटा नको.

१७. खणाचा किंवा जुन्या साडीचा खिसा लावला तर विरतो. आणि रेनकोटच्या कापडाचा?

खण आणि जुनी साडी पातळ असते आणि धागे भराभर सुटतात. उलट बाजूला चिकटणारं पातळ बकरम मध्यम गरम इस्त्रीने लावा आणि मगच कापा. खिसा अस्तर लावून दुहेरी करा, अस्तर रुंदीला एक सूत कमी ठेवलं की ते कडेला डोकावत नाही. काठ वापरायचा असेल तर तो तोंडाशी आडवा घ्या. काठाची मूळ किनार दुमडावी लागत नाही.

रेनकोटचं कापड आणि रेक्झिन यांत सुईचं भोक बुजत नाही, म्हणून उसवून पुन्हा शिवता येत नाही. टाचणी नको, कपड्यांचे चिमटे लावा. इस्त्री नको. टीप मोठी, इंचाला सहा-सात टाके. दाबपट्टी चिकटत असेल तर वर बटर पेपर ठेवून शिवा आणि नंतर फाडून काढा.

१८. मासेमारीच्या जुन्या जाळ्याचा खिसा लावता येईल का? आणि मासळीच्या पिशवीला खिसा कुठे द्यायचा?

पीळदार दोऱ्याचं नायलॉन जाळं चालतं. तंगुसाचं, म्हणजे एकेरी गुळगुळीत नायलॉन धाग्याचं, नको, त्याच्या गाठी टोचतात आणि कडा कापडाला कापतात. चार-पाच वेळा गोड्या पाण्यात भिजवून मीठ घालवा. आस (जाळ्याचं भोक) चिमूटभर, म्हणजे नाणं निसटणार नाही एवढीच हवी. चारही कडा सव्वा इंची उरेब पट्टीत गुंडाळून शिवा आणि मग ती पट्टी पिशवीवर. जाळ्यावर थेट टीप धरत नाही.

मासळीच्या पिशवीला पैशांचा खिसा बाहेरच आणि वरच्या निम्म्या भागात. तो फक्त बाहेरच्या कापडावर शिवा; टीप आतल्या जलरोधक अस्तरातून गेली तर प्रत्येक भोकातून मासळीचं पाणी झिरपतं. अस्तर टिचबटणांनी काढता-घालता येणारं ठेवलं तर धुणं सोपं जातं.

१९. पावसाळ्यात तयार पिशव्यांच्या खिशांत बुरशी धरते, टाचण्यांचे गंजाचे डाग पडतात.

बुरशी खळीवर आणि ओलाव्यावर वाढते, आणि खिशातली दुहेरी घडी शेवटी सुकते. कापड खळ काढून वापरा (प्र. ४), पिशव्या इस्त्रीचा दमटपणा गेल्यावरच भरा आणि खिसे उघडे ठेवा. गणपतीत चाकरमान्यांना विकायचा माल जुलैत शिवून ठेवत असाल तर हे फारच गरजेचं. बुरशी आली तर घराबाहेर ब्रशने झाडून कडक ऊन द्या, मग धुवा.

टाचणी कापडात रात्रभर राहू देऊ नका. पांढऱ्या सुती कापडावरचा गंज लिंबू-मीठ चोळून उन्हात ठेवल्यावर फिकटतो. रंगीत कापडाचा मात्र रंगही उडू शकतो. ब्लीच घालू नका, गंजाचा डाग त्याने पक्का होतो.

२०. एका पिशवीला किती खिसे बरे?

बाजाराच्या पिशवीला बाहेर एक, आत एक. रोजच्या खांद्यावरच्या पिशवीला आत कप्प्यांचा एक, चेनचा एक, बाहेर एक. त्याहून जास्त खिसे दिसायला छान, पण गिऱ्हाईक किल्ली शोधत बसतं. शिवाय चेनच्या खिशाला साध्या खिशाच्या दुप्पट-तिप्पट वेळ जातो. किंमत ठरवताना तो धरा.

२१. पिशवी तयार आहे, मशीन आत जात नाही. किंवा मशीनच नाही. हाताने शिवलेला खिसा टिकेल का?

टिकेल, धावदोरा सोडून उलटी टीप (दर टाक्याला सुई मागे नेऊन पुढे काढायची) घातली तर. पॉलिस्टरचा दोरा दुहेरी घ्या, मेणबत्तीवरून ओढा, इंचाला सहा-सात टाके. खिसा आधी पूर्ण तयार करून घ्या (प्र. ६) आणि तोंडाची टीपही आधीच मारा, म्हणजे पिशवीवर फक्त तीन बाजू उरतात. पिशवीत जाड पुठ्ठा किंवा पुस्तक सरकवून ठेवा, मागचं कापड सुईत येत नाही. कॅनव्हास असेल तर बोटात अंगुस्तान घाला. तोंडाच्या टोकांना एकाच जागी पाच-सहा टाके आडवे घाला, मागे तुकडा ठेवायला विसरू नका (प्र. १०). पिशवीला अस्तर असेल तर अस्तराच्या तळाच्या शिवणीत चार इंच उसवून हात आत घ्या, खिसा फक्त बाहेरच्या कापडावर शिवा आणि मग ती फट बंद करा.